मंगळवारी प्रवेश मोफत

शनिवार-रविवारी आत जायलाच सहाशे घेतात,
म्हणून आम्ही मंगळवार धरला.
पगारबाई आणि मी.
आडनावच पगार, कळवणकडची माणसं.
प्रेसमध्ये कुणी तिला हाक मारली
की अख्खा हॉल वळून बघायचा.

नाशिकरोडहून सीबीएस, सीबीएसहून गिरणाऱ्याची बस.
खिडकी तिला, तिला बस लागते.
माझ्या मांडीवर डबा : सहा पोळ्या, शेंगदाण्याची चटणी,
आणि पाण्याची बाटली, झाकण दुसऱ्याच बाटलीचं.

रिटायर झालो की समुद्र बघू, असं ठरलं होतं.
अलिबागच्या हॉटेलाचा एका रात्रीचा आकडा
तिच्या जावयाने वाचून दाखवला.
एक शून्य जास्त वाचलंस का रे, तिने विचारलं.
नव्हतं वाचलं.
मग कुणी म्हणालं, गंगापूर धरणाला
मागच्या अंगाने आता किनारा फुटलाय,
छत्र्या आहेत, आडवं व्हायच्या खुर्च्या आहेत,
लाटा नाहीत एवढंच.
लाटा काय करायच्यात, पगारबाई म्हणाली,
मला बससुद्धा लागते.

स्टॉपपासून तीन किलोमीटर. रिक्षावाला दोनशे म्हणाला,
आम्ही नुसत्या हसलो आणि चालायला लागलो.
दोन्हीकडे तारांवर द्राक्षं, काळी, बारीक,
पाखरांसाठी जाळी लावलेली.
मावशी, ही खायची नाहीत, आतून एक बाई ओरडली,
ही प्यायची.
तरी एक मणी तोंडात गेलाच.
बी तिने थुंकली नाही, रुमालाच्या टोकाला बांधली.

गेटवरच्या पोऱ्याने डबा ठेवून घेतला,
बाहेरचं खाणं चालत नाही,
आणि पत्र्याचं टोकन दिलं, सत्तेचाळीस,
देवळाबाहेर चपलांना देतात तसं.

आत पाणी होतं.
पुष्कळ होतं. पलीकडचा डोंगर
त्यात डोकं खाली करून गप उभा.
खुर्चीवर एक माणूस उताणा, पोटावर लॅपटॉप,
शेजारी कुत्रं, आमच्याहून स्वच्छ न्हालेलं.
पगारबाईने मेनू उजवीकडून वाचला,
आधी आकडे, मग नावं.
सगळ्यात खाली लिंबू सोडा. दोनशे दहा.
एक, म्हणाली, दोन ग्लासात.

मी पाचशेची नोट काढली.
आंटी, कॅश नाही चालत, काउंटरवरची मुलगी म्हणाली,
स्कॅन करा.
माझा फोन बटणांचा.

तेहतीस वर्षं आम्ही समोरासमोर बसून
नोटा पारखल्या. शाई फिस्कटली का,
धागा सरकला का, नंबर तिरका आहे का,
आणि संध्याकाळी गेटवर झडती देऊन
दहाच्या सुट्ट्या नाण्यांनी भाजी घेतली.
मी यातलं काही बोलले नाही.
पगारबाई बोलली : अगं, धरून तर बघ.
मुलीने नोट घेतली, उजेडाकडे केली,
कडेवरून अंगठा फिरवला,
जिथे फिरवायचा बरोबर तिथेच.
हात चांगला आहे पोरीचा, पगारबाई माझ्या कानात.
मुलीने मग स्वतःच्या फोनवरून पैसे भरले.
सुटे दोनशे नव्वद किचनमधल्या तिघांकडून जमा झाले,
एक नोट चिकटपट्टी लावलेली.
ती पगारबाईने मागून घेतली.

सोडा चार वाजेपर्यंत पुरवला.
बर्फ विरघळला तो वेगळा.

टोकन दिलं, डबा मिळाला.
रस्त्याकडेच्या दगडावर बसून उघडला
तर पाच पोळ्या.
मोजणाऱ्या बायका आम्ही, दोघींनी एकदमच मोजल्या.
पोऱ्या गेटकडे पाठ करून उभा,
कान लाल.
पगारबाई उठली, चटणीची डबी घेऊन गेली.
कोरडीच खाल्लीस का रे?

परतीच्या बसमध्ये तिने वही काढली.
तिकिटं चार. सोडा एक.
पोळी कुठल्या रकान्यात घालायची
हे आनंदवल्ली येईपर्यंत ठरेना,
मग तिला झोप लागली,
बस लागली नाही.